हाडांची जहाजे, पितळेच्या तोफा



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सेनापती आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती माणसे लढाईत पकडली गेलेली होती, आणि त्यांची आठवण राहिली आहे ती त्यांनी केलेल्या चिमुकल्या जहाजांमुळे.

इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली युद्धकैद्यांसाठी मुद्दाम लाकडी बराकींचा तुरुंग बांधण्यात आला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धातले हजारो खलाशी व शिपाई तेथे ठेवले होते. अधिकाऱ्यांना शब्दावर सोडून गावात राहू देत. साधा खलाशी मात्र कुंपणाआड! १८०३ साली युद्ध पुन्हा पेटल्यावर कैद्यांची अदलाबदल जवळजवळ थांबली आणि कित्येकांची उमेदीची वर्षे तेथेच गेली.

रिकामे हात स्वस्थ बसत नाहीत. शिध्यातल्या मांसाची हाडे उकळून, घासून, त्यांच्या बारीक पट्ट्या कापायच्या; लाकडाच्या गाभ्यावर त्या फळ्यांसारख्या बसवून पितळेच्या तारेच्या चुकांनी ठोकायच्या. तोफा पितळेच्या, कातून काढलेल्या. काही जहाजांत तर दोरी ओढली की साऱ्या तोफा एकदम आत जातात! दोरखंडांसाठी रेशीम, कधी केससुद्धा. मोठे जहाज बहुधा एकट्याचे काम नसे. तोफा करणारा वेगळा, दोर ओवणारा वेगळा. गिरणीत ज्याने खातेवार काम पाहिले आहे, त्याला ही वाटणी समजावून सांगायला नको.

आजचे हौशी लोक रेझिन साच्यात ओतून होड्या नि तोफा काढतात. पितळेच्या कागदासारख्या पत्र्यावर तेजाबाने कठडे व शिड्या कोरून घेतात आणि चिमट्याने एकेक चिकटवतात. साधने बदलली, परंतु श्वास रोखून कण जागेवर बसवणारा हात तोच आहे. फरक एवढाच की, हा हात हौसेचा आहे आणि तो पोटासाठी राबत होता.

कारण तुरुंगाच्या दरवाजाशी बाजार भरे. गिऱ्हाईक इंग्रज, तेव्हा फ्रेंच खलाशाने केलेल्या जहाजावर पुष्कळदा शत्रूच्याच नामांकित जहाजाचे नाव कोरलेले असे! त्या पैशातून अन्न, तंबाखू, कपडा मिळे. सरकारची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणण्याला. त्या भागात गरीब बायकामुले हेच काम करून पोट भरीत, आणि कैद्याचा माल स्वस्त पडे. म्हणून बंदी आली. पण व्यापारी चोरून काड आत पोचवीत व वेण्या बाहेर काढीत. झडत्या होत, माल जाळला जाई. जॉर्ज बॉरो लहानपणी या छावणीजवळ राहिला होता. त्याने १८५१ च्या आपल्या ‘लॅव्हेंग्रो’ या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे.

येथे माझ्यासारखा चळवळीतला माणूस थांबतो. कैदी उपाशी म्हणून कमी दर घेतो, त्यामुळे बाहेरची बाई उपाशी राहते. दोघांचे भांडण लागते आणि नफा तिसराच नेतो. दोष कैद्याचा नव्हे, बाईचाही नव्हे. ज्याला दर ठरवण्याची मोकळीक नाही अशा श्रमाचा बाजार मांडला की हेच घडते. हाडांच्या जहाजाला स्पर्धक नव्हता, म्हणून ते निर्दोष ठरले, एवढेच.

१८१४ साली कैदी मायदेशी परतले. सुमारे १,७७० परतलेच नाहीत. त्यांच्यासाठी १९१४ साली तेथे स्मारक उभारले गेले. जहाजे पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर जहाजांची नावे वाचता येतात. करणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच सापडतात. अशी वस्तू पाहताना तिच्या तोफा जरूर मोजाव्यात. पण ती करणाऱ्याला मोबदला काय मिळाला, हेही विचारावे. इतिहासाचा तोही एक प्रश्न आहे.