रुईची म्हातारी आणि समुद्रावरचे तेल

सांगलीतील जत, आटपाडी किंवा साताऱ्यातील माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत रुईची बोंडे फुटली, की त्यांतली रेशमी ‘म्हातारी’ उडू लागते. तिचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. पाण्याने ते सहसा भिजत नाहीत, तेल मात्र चटकन पितात. समुद्रावर सांडलेले तेल उचलायला नेमका हाच गुण लागतो. पण हे उमगण्याआधी माणसाने बऱ्याच चुका केल्या.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १ लाख २० हजार टन खनिज तेल होते. ब्रिटिशांनी तवंगावर हजारो टन अपमार्जके फवारली. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळले; पण किनाऱ्यावरचे शंखशिंपल्यांतले जीव या अपमार्जकांनीच मोठ्या प्रमाणावर मेले. फ्रेंचांनी खडूची भुकटी टाकून तेल तळाशी बुडवले. दोन्ही उपायांनी तेल डोळ्यांआड झाले, समुद्राबाहेर आले नाही.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बाराजवळ तेलविहिरीतून गळती झाली. तेव्हा तेलावर पेंढा पसरला आणि भिजल्यावर गोळा केला. उपाय साधा, पण दिशा योग्य! अडचण एवढीच, की पेंढ्यातील सेल्युलोज पाणीही ओढते; पेंढा जड होऊन बुडू लागतो. पुढे पॉलिप्रॉपिलीनचे धागे आले. ते पाणी घेत नाहीत, पण कुजतही नाहीत. म्हणून संशोधक पुन्हा वनस्पतींच्या तंतूंकडे वळले. सावरीचा कापूस, रुई, इतकेच काय, आपल्या साखर कारखान्यांतील उसाचा चोथाही त्यांनी तपासला. चोथ्याचे पाण्याचे आकर्षण रासायनिक प्रक्रियेने कमी करता येते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, खारफुटीत शिरले आणि कोळ्यांचा धंदा बसला. खारफुटीच्या चिखलात यंत्रे नेता येत नाहीत. मोठा तवंग तरंगते बांध घालून यंत्रांनी उपसावा लागतो. शोषक पदार्थ उरलेल्या तेलासाठी उपयोगी पडतात.

वर्गात हे करून पाहा. दोन वाट्यांत पाणी घ्या आणि प्रत्येकीत चमचाभर तेल घाला. एकीत औषधांच्या दुकानातला कापूस टाका, दुसरीत तेवढीच म्हातारी. दुकानातल्या कापसाचे नैसर्गिक मेण काढलेले असते, म्हणून तो पाणीही पितो. रुईची वाळलेली बोंडेच घ्या; तिचा चीक डोळ्यांना घातक असतो.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा: तेलाने भिजलेली ही म्हातारी आता टाकायची कुठे? उकिरड्यावर, असे उत्तर आले, तर आपणही तेल पुन्हा डोळ्यांआडच केले, नाही का?