कालकाजीची ओटी

दिल्लीतल्या हिंदूराव हॉस्पिटलचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण हिंदूराव कोण हे दिल्लीतल्या मराठी माणसालाही बहुधा सांगता येत नाही. आमच्या आजीला येत होतं. कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे सख्खे भाऊ. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि आज हॉस्पिटल आहे त्या रिजच्या टेकडीवरची त्याची कोठी पुढे हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांचं एक ठाणं याच कोठीत होतं.

आजोबांची सरकारी नोकरी, बिऱ्हाड त्याच टेकडीच्या पायथ्याशी. नवरात्रात आजी दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, कालकाजी देवीच्या देवळात जायची. देवळाबाहेरच्या दुकानांत लाल चुनरी मिळते, खण मिळत नाही. म्हणून ती गावाहून येताना हिरव्या खणांची घडी ट्रंकेच्या तळाशी ठेवून आणायची. देवीच्या शेंदूर माखलेल्या शिळेपुढे खण, नारळ, तांदूळ, हळकुंड ठेवून ओटी भरायची आणि आम्हाला सांगायची, "हे देऊळ आपल्या हिंदूरावांनी बांधलंय बरं का."

हिंदूरावांनी ते बांधलेलं नाही. देवीचं स्थान फार पुरातन मानतात, पण आज उभ्या असलेल्या बांधकामाचा सर्वांत जुना भाग १७६४ च्या सुमाराचा, आणि तो मराठ्यांनी बांधला असं परंपरा सांगते. १८१६ मध्ये दुसऱ्या अकबर बादशहाचे पेशकार राजा केदारनाथ यांनी त्यात भर घातली. म्हणजे माणूस सांगण्यात आजी चुकली, पण मराठ्यांचा हात तिने बरोबर ओळखला होता. मला ते १७६४ साल मोठं वाटतं. पानिपत होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मल्हारराव होळकर जवाहरसिंग जाटाच्या मदतीला दिल्लीवर आले होते. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी शहर घेतलं आणि दुसऱ्या वर्षी बादशहा शाह आलम तख्तावर परतला. आपण मात्र उत्तरेतला मराठ्यांचा इतिहास १७६१ पाशीच मिटवून टाकतो. हे मला पटत नाही.

हिंदूरावांची टेकडी आणि कालकाजी, या दोन्ही ठिकाणी सम्राट अशोकही भेटतो. फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला त्याचा स्तंभ हिंदूराव हॉस्पिटलजवळ उभा आहे, आणि कालकाजीजवळच्या खडकावर त्याचा लेख १९६६ मध्ये सापडला.

दिल्लीला गेलात तर कुतुबमिनार, लाल किल्ला बघाच. पण एक सकाळ कालकाजीसाठी राखून ठेवा, मेट्रोचं स्टेशन देवळाच्या नावाचंच आहे. खण मात्र घरूनच न्या.