कोबीचे बी आणि धारवाडचे हित्तल

घरामागच्या मोकळ्या जागेला मराठीत परस म्हणतात, कानडीत हित्तल. धारवाडच्या मराठी घरांना हे दोन्ही शब्द आपलेच. या हित्तलात दोडका, घेवडा, अंबाडी आणि भोपळा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. त्यांचे बी घरातच राखले जाई. एखादे फळ वेलीवरच जून होऊ द्यावे, वाळवावे, बिया राखेत घोळून मडक्यात ठेवाव्यात आणि मृगाचा पाऊस पडला की पेराव्यात, असा हा क्रम होता. त्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागत नसे. हा क्रम प्रथम मोडला तो कोबीसारख्या परदेशी भाज्यांनी. हे कसे घडले, याचा विचार आम्हांस आजही महत्त्वाचा वाटतो.

कोबी मूळचा युरोपच्या थंड किनाऱ्यांवरचा. त्याचे मराठी नावच त्याच्या प्रवासाची साक्ष देते. पोर्तुगिजांच्या 'कोव्ह' या शब्दापासून आपला 'कोबी' आणि कानडीतला 'कोसु' आले, असे भाषाभ्यासक मानतात. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मागोवा घेणारा गोमंतकीय पंडित दालगादो यांचा ग्रंथ 1913 साली प्रसिद्ध झाला.

1818 च्या सुमारास हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात राहिला. साहेबांच्या बंगल्यांभोवती विलायती भाज्यांचे वाफे दिसू लागले. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे अधीक्षक वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले, तेही याच परंपरेतले. बी मात्र जहाजातून येई.

याचे कारण वनस्पतीच्या स्वभावात आहे. कोबी द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी तो गड्डा धरतो. पुढे कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली, तरच त्यातून फुलांचा दांडा निघून शेंगा धरतात. धारवाडची हवा सुखद खरी, पण ती थंडी येथे नाही. त्यामुळे गड्डा आपला, बी परक्याचे.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारे बी थांबले, तेव्हा ही गोष्ट सरकारला प्रकर्षाने जाणवली. क्वेट्टा आणि काश्मीर येथे बीजोत्पादन सुरू झाले. फाळणीत क्वेट्टा पलीकडे गेले आणि कुलू खोऱ्यातील कटराईनला महत्त्व आले. पुढे सपाटीवरही बी धरणारे 'पुसा अगेती'सारखे वाण निघाले. परंतु बाजारात आज संकरित बियांचेच राज्य आहे.

बियांपासून कोबी वाढविणे कठीण नाही. पाऊस ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर बी पेरावे. आठवड्याच्या आत ते उगवते. चार-पाच आठवड्यांची रोपे दीड-दीड फुटावर लावावीत. धारवाडकडची तांबडी माती निचऱ्याची असते. हुबळीकडच्या काळ्या जमिनीत पाणी बेताने द्यावे. कडेने मोहरीची एक ओळ पेरली, तर कोबीवरचे पतंग आधी तिच्याकडे वळतात. 'गोल्डन एकर'सारखा हळवा वाण पुनर्लागवडीनंतर 60-70 दिवसांत गड्डा देतो.

येथवर तक्रारीचे कारण नाही. जे आपल्या हवेत पिकत नाही, ते बाहेरून आणावे. व्यापार त्यासाठीच असतो. खेद वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. कोबीच्या पुडीबरोबर हळूहळू दोडक्याची, भेंडीची आणि घेवड्याचीही पुडी घरात आली. संकरित वाणाचे बी राखून पुन्हा पेरले, तर तेच गुण हमखास उतरत नाहीत. म्हणून राखणेच थांबले. राखेचे मडके माळ्यावर गेले आणि कोणते फळ बियांसाठी सोडावे, हे ओळखणारी आजीची नजरही तिच्याबरोबर गेली. 1986 साली कृषी विद्यापीठ झालेल्या या गावात बियांचे शास्त्र वाढले. घरोघरची विद्या मात्र आटली.

कोबीचे परावलंबन हवामानाने लादलेले आहे, दोडक्याचे आपण ओढवून घेतलेले. हा भेद ध्यानी ठेवून यंदा कोबीची पुडी खुशाल विकत आणावी. पण शेजारच्या मांडवावरचा एक गावठी दोडका न तोडता तसाच वाळू द्यावा.