बिनतारी मायक्रोफोन

वक्ता, गायक, कीर्तनकार अथवा नट यांचा आवाज तारेच्या जोडणीवाचून, रेडिओ तरंगांच्या द्वारे विवर्धकापर्यंत पोहोचविणारे साधन. याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात मायक्रोफोन व प्रेषक एकाच दांड्यात बसविलेले असून तो दांडा हातात धरावयाचा असतो. दुसऱ्यात कपड्यावर चिमट्याने लावलेला वाटाण्याएवढा मायक्रोफोन बारीक तारेने कमरेस अडकविलेल्या लहान प्रेषक-पेटीस जोडलेला असतो. या दुसऱ्या प्रकारास बोलीत ‘कॉलर माइक’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या अंगावर बाळगावयाच्या प्रेषकाचा इतिहास, रचना व वापर यांची माहिती दिली असून व्याख्यान, कीर्तन व नाटक यांची परंपरा असलेल्या नाशिक शहराच्या संदर्भात तिचे विवेचन केले आहे.

आवाज मोठा करण्याचे काम या साधनापूर्वीच साध्य झाले होते. बोलणाऱ्यास एका जागी खिळवून ठेवणारी अट दूर करणे, हे या साधनाचे खरे कार्य होय. तथापि तारेची जागा रेडिओ तरंगांनी घेतल्यामुळे वक्त्याचा आवाज सर्वांच्या सामाईक व शासननियंत्रित अशा माध्यमातून जाऊ लागला. त्यामुळे मिळालेली मोकळीक व आलेली बंधने या दोहोंचा विचार या साधनाच्या इतिहासात करावा लागतो.

पूर्वपीठिका : ध्वनिवर्धनाची साधने येण्यापूर्वी सभेचा विस्तार मानवी आवाजाच्या पल्ल्यावर ठरत असे. कीर्तन देवळाच्या सभामंडपात होई व श्रोते कीर्तनकाराभोवती दाटीने बसत. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या शाकुंतलापासून (१८८०) बहरलेल्या संगीत नाटकात नट रंगमंचाच्या पुढील कडेशी येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून गात असे. या पद्धतीमागे संकेत जसा होता, तशी मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याची गरजही होती. नाशिक येथे गोदावरीच्या काठी, यशवंतराव महाराज पटांगणावर भरणारी वसंत व्याख्यानमाला ही उघड्यावरील सभा आहे. अशा ठिकाणी भिंती व छप्पर नसल्याने ध्वनी परावर्तित होऊन श्रोत्यांकडे परत येत नाही. शिवाय देवळांतील घंटा, घाटावरील वर्दळ व रहदारी यांचा आवाज वक्त्याच्या आवाजात मिसळतो. बंदिस्त सभागृहात पुरेसा वाटणारा आवाज येथे अपुरा पडतो.

तारयुक्त मायक्रोफोन : एमिल बर्लिनर व टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये आणि डेव्हिड ह्यूझ यांनी १८७८ मध्ये मायक्रोफोनविषयी मूलभूत काम केले. ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये धारित्र-मायक्रोफोन तयार केला. निर्वात नलिकांचे विवर्धक व ध्वनिक्षेपक यांची जोड मिळाल्यावर मोठ्या जाहीर सभांसाठी मायक्रोफोन वापरणे शक्य झाले.

भारतातील सभांच्या ध्वनियोजनेत मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या व्यवसायाचे स्थान महत्त्वाचे आहे. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे आपला व्यवसाय सुरू केला. पुढे तो मुंबईत आला. त्यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या अधिवेशनांना व सभांना ध्वनिवर्धनाची साधने पुरविली. महात्मा गांधींच्या अनेक छायाचित्रांत त्यांच्यापुढील मायक्रोफोनवर ‘शिकागो’ ही नाममुद्रा दिसते. या उद्योगसमूहाचा विद्युत् उपकरणांचा कारखाना पुढे नाशिक रोड येथे उभा राहिला. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओस साहाय्य केल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांच्यावर खटला झाला व त्यातून ते निर्दोष सुटले. मायक्रोफोन व ध्वनिक्षेपक उघडपणे वापरता येत होते, परंतु रेडिओ प्रेषक बाळगणे ही शासनाच्या दृष्टीने निराळ्या स्वरूपाची गोष्ट होती, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. कमरेस अडकविलेला आजचा लहानसा प्रेषकही तत्त्वतः त्याच वर्गात मोडतो.

तारयुक्त मायक्रोफोनने आवाजाचा पल्ला वाढविला, पण बोलणाऱ्याची हालचाल मर्यादित केली. चित्रपटसृष्टीला ही अडचण बोलपटांच्या आरंभीच जाणवली. दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये नाशिक येथे स्थापन केलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे चित्रपट मूक होते. त्यांतील नटांना कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात कोठेही वावरता येई. आलम आरा (१९३१) या बोलपटापासून मात्र चित्रीकरणाच्या वेळी संवाद मुद्रित करण्यासाठी मायक्रोफोन नजरेआड दडवावा लागे व नटास त्याच्या जवळपासच बोलावे लागे. फाळके यांनी गंगावतरण (१९३७) हा एकच बोलपट दिग्दर्शित केला.

रंगभूमीवर रंगमंचाच्या पुढील कडेस ठेवलेले व वरून टांगलेले मायक्रोफोन रूढ झाले. मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट झाल्यास त्यापर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता मोकळ्या जागेत सुमारे एकचतुर्थांश होते. त्यामुळे नट मागे सरकला की शब्द हरवत, आणि पुढे आला की पावलांचा आवाजही मोठा ऐकू येई. नाशिक येथे दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या वि. वा. शिरवाडकर यांचे नटसम्राट (१९७०) व वसंत कानेटकर यांचे रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) ही दीर्घ भाषणांनी युक्त नाटके रंगमंचावर आली, तेव्हा अंगावरचा मायक्रोफोन मराठी रंगभूमीवर रूढ नव्हता. संथ व हळुवार वाक्येही शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचा भार मुख्यतः नटाच्या आवाजाच्या साधनेवर होता.

कीर्तनात ही अडचण अधिक तीव्र होते. कीर्तनकार उभ्याने निरूपण करतो, पुढे-मागे जातो, साथीदारांकडे वळतो व नाचतो. हातात चिपळ्या किंवा झांज असल्याने त्यास मायक्रोफोन हातात धरता येत नाही. उभ्या दांड्यावरील मायक्रोफोनमुळे तो एकाच जागी जखडला जातो.

बिनतारी मायक्रोफोनचा विकास : ब्रिटिश बर्फनर्तक व तंत्रज्ञ रेग मूर्स यांनी १९४९ मध्ये ब्रायटन येथील अलादीन या बर्फावरील नाट्यप्रयोगात नटाच्या पोशाखात प्रेषक दडवून त्याचा आवाज बिनतारी पद्धतीने पोहोचविला. बर्फावर वेगाने घसरत जाणाऱ्या नटास तार बांधणे शक्यच नव्हते. ज्या गरजेतून हे साधन निर्माण झाले, ती या उदाहरणावरून ध्यानात येते. अमेरिकेतील शूर कंपनीने १९५३ मध्ये ‘व्हॅगाबाँड’ हा संच विक्रीस आणला. जर्मनीत सेन्हायझर कंपनीने उत्तर जर्मन नभोवाणीच्या सहकार्याने तयार केलेला ‘मायक्रोपोर्ट’ १९५७ मध्ये पुढे आला.

आरंभीच्या संचांत सूक्ष्म निर्वात नलिका असत व त्या विद्युत् घट लवकर संपवीत. ट्रँझिस्टरमुळे प्रेषकाचा आकार व विजेचा खर्च दोन्ही कमी झाले. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ट झेस्लर व जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. त्यातील पटलावर विद्युत् भार कायम राहत असल्याने मोठ्या ध्रुवण-विद्युत् दाबाची आवश्यकता उरली नाही व अत्यंत लहान, स्वस्त मायक्रोफोन बनविता आले. माय फेअर लेडी (१९६४) या चित्रपटासाठी रेक्स हॅरिसन यांच्या गळपट्टीत बिनतारी मायक्रोफोन दडवून त्यांची गीते चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करण्यात आली. १९७० नंतरच्या दशकात प्रेषकात आवाजाच्या लहानमोठेपणाची व्याप्ती आवळून ग्राहीत ती पुन्हा पूर्ववत करण्याची पद्धत आल्यावर पार्श्वभूमीतील खरखर पुष्कळ कमी झाली. पुढे आलेल्या अंकीय संचांत आवाज अंकांच्या रूपात पाठविला जातो.

रचना व कार्य : मायक्रोफोनमधून निघणारा क्षीण विद्युत् संकेत प्रेषकातील पूर्वविवर्धकात मोठा केला जातो व त्यानुसार वाहक तरंगाची कंप्रता बदलली जाते. यास कंप्रता-विरूपण म्हणतात. प्रेषकाची शक्ती सामान्यतः काही दशक मिलिवॉट इतकीच असते. प्रेषकाचा आकाशक बहुधा तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढा असतो. उदा., ६०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी ५० सेंमी. असल्याने आकाशक सु. १२·५ सेंमी. लांबीचा असतो. ग्राही मूळ आवाजाचा संकेत वेगळा करून विवर्धकाकडे पाठवितो. भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग सरळ आलेल्या तरंगांशी विरुद्ध कलेत मिळाल्यास संकेत क्षणभर नाहीसा होतो. हे टाळण्यासाठी चांगल्या ग्राहीस दोन आकाशक असतात व ज्यावर संकेत अधिक सबळ त्याचा उपयोग केला जातो.

मांडणी व वापर : प्रथम ग्राही सुरू करून, प्रेषक बंद ठेवून, मोकळी कंप्रता शोधतात. प्रेषक बंद असतानाही ग्राहीवरील दर्शक संकेत दाखवीत असेल, तर ती कंप्रता अन्य कोणी वापरीत आहे असे समजावे. मोकळी कंप्रता मिळाल्यावर प्रेषक त्याच कंप्रतेवर जुळवितात. प्रत्येक प्रयोगापूर्वी नवे अथवा पूर्ण भारित विद्युत् घट घालणे इष्ट असते. बोलीत ‘पेन्सिल सेल’ म्हटले जाणारे दोन घट अनेक प्रेषकांत वापरतात. ते कार्यक्रमाच्या मध्येच संपल्यास आवाज एकाएकी बंद होतो.

मायक्रोफोन हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर, छातीच्या मध्यभागी लावतात. एका बाजूस लावल्यास मान दुसरीकडे वळताच आवाज पडतो. कीर्तनकाराच्या बाबतीत उपरणे मायक्रोफोनवर घासणार नाही व चिपळ्या त्याच्या अगदी समोर वाजणार नाहीत, हे पाहावे लागते. नाटकात पोशाख व दागिने यांची घासणूक टाळण्यासाठी तो पुष्कळदा केसांच्या कडेशी किंवा गालावर बसवितात. प्रेषक कमरेस घट्ट अडकवून आकाशक मोकळा लोंबता ठेवतात. तो गुंडाळल्यास, तारेभोवती वेढल्यास अथवा अंगाशी दाबला गेल्यास पल्ला घटतो, कारण जलांशयुक्त मानवी शरीर रेडिओ तरंग शोषून घेते. घाम व पावसाळी ओल यांमुळे जोडण्या बिघडतात. त्र्यंबकेश्वरसारख्या अतिवृष्टीच्या भागात ही काळजी विशेष घ्यावी लागते.

त्यानंतर वक्त्यास प्रत्यक्ष कार्यक्रमात तो जेवढ्या जोराने बोलेल तेवढ्याच जोराने बोलावयास सांगून प्रेषकाची संवेदनशीलता ठरवितात. सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळीही अतिभाराचा दर्शक लागू नये. संवेदनशीलता फार वाढविल्यास आवाज फाटतो, फार कमी ठेवल्यास खरखर वर येते. शेवटी रंगमंचाच्या सर्व कोपऱ्यांत बोलत चालून पाहतात. ध्वनिक्षेपकांच्या पुढे गेल्यास त्यांतून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून पुन्हा मोठा होतो व शिट्टी वाजू लागते. म्हणून ध्वनिक्षेपक बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतात. कार्यक्रम संपल्यावर नियंत्रकावरील आवाज आधी बंद करून मगच प्रेषक बंद करतात. प्रेषक सुरू ठेवून वक्ता व्यासपीठावरून उतरला, तर त्याचे खाजगी बोलणेही सभेस ऐकू जाते.

अनेक संच एकत्र वापरताना अधिक काळजी लागते. ६०० व ६०१ मेगॅहर्ट्‌झवरील दोन प्रेषक परस्परांजवळ आले, तर त्यांच्या मिश्रणातून ५९९ व ६०२ मेगॅहर्ट्‌झवरही नको असलेले संकेत निर्माण होऊ शकतात. तिसरा संच ६०२ वर ठेवल्यास त्यात अडथळा येतो. म्हणून समान अंतरावरील कंप्रता टाळतात. सिंहस्थातील तपोवनासारख्या ठिकाणी, जेथे अनेक मंडप एकमेकांस लागून उभे राहतात, तेथे शेजाऱ्यांनी आपापल्या कंप्रता आधी ठरवून घेतल्या नाहीत, तर एका मंडपातील प्रवचन दुसऱ्यात ऐकू येणे संभवते. नभोवाणीच्या ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात चालणाऱ्या हलक्या प्रतीच्या संचांत स्थानिक केंद्रांचे कार्यक्रम घुसू शकतात.

कायदेशीर बाजू : भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ अन्वये परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास मनाई करण्यात आली. तत्पूर्वीच्या भारतीय तार अधिनियम, १८८५ ने तारायंत्रे स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार शासनाकडे राखला होता. हे दोन्ही परकीय राजवटीतील अधिनियम स्वातंत्र्यानंतरही लागू राहिले. त्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला. अल्पशक्तीच्या साधनांना ठराविक पट्ट्यांत व ठराविक शक्तिमर्यादेत परवान्यापासून सूट देण्यात आली असून २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा हे त्याचे परिचित उदाहरण होय. मात्र या पट्ट्यात संगणकांची व मोबाइल फोनची बिनतारी जोडणीही चालत असल्याने गर्दीच्या सभागृहात तेथे अडथळा संभवतो. ध्वनिक्षेपकाच्या वापरास ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्यास सामान्यतः मनाई आहे. मायक्रोफोन बिनतारी असल्याने या नियमात फरक पडत नाही.

दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांतील रिकाम्या जागा बिनतारी मायक्रोफोनसाठी दीर्घकाळ वापरल्या गेल्या. मोबाइल सेवांची मागणी वाढल्यावर त्या आकुंचित होऊ लागल्या. अमेरिकेत १२ जून २०१० पासून ७०० मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात हे मायक्रोफोन वापरण्यास बंदी घालण्यात आली. भारतात या पट्ट्याचे वापरहक्क २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी दिले गेले. उत्तम स्थितीतील जुने संच अशा रीतीने निरुपयोगी होतात. याची झळ मोठ्या निर्मितिसंस्थांपेक्षा हौशी नाट्यमंडळे, व्याख्यानमाला व लहान ध्वनिवर्धन व्यावसायिक यांना अधिक लागते. त्यामुळे संच विकत घेण्यापूर्वी त्याची कंप्रतामर्यादा व तत्कालीन नियम पडताळून पाहणे आवश्यक ठरते.