बडग्याच्या गळ्यातील पाटी

अग्रलेखाशेजारी अथवा मासिकातील लेखाच्या माथ्यावर जे चित्र छापले जाते, ज्यात लेखातील एकही प्रसंग नसतो आणि तरीही लेखाचा सारा आशय एकवटलेला असतो, त्या संकल्पनाचित्राची वंशावळ बहुतेक लेखक 15 जुलै 1843 या तारखेपासून मांडतात. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात त्या दिवशी जॉन लीच याने वेस्टमिन्स्टरच्या भित्तिचित्रांच्या आराखड्यांच्या प्रदर्शनाची टर उडविली व त्या प्रदर्शनात फाटक्या वस्त्रांतील दरिद्री प्रेक्षक उभे केले. तेथून ‘पंच’चाच चित्रकार टेनिएल, तेथून मुंबईचा ‘हिंदी पंच’ आणि 1877 सालचा लखनौचा ‘अवध पंच’, असा हा राजमार्ग आहे. तो खोटा नाही. परंतु या कलेच्या नागपुरी शाखेचा उलगडा त्याने होत नाही असे माझे मत असून, त्या मताला कारण झाली ती इतवारीतील काळी मारबत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी व पिवळी अशा दोन मारबतींच्या मिरवणुका निघतात, भर इतवारीत त्यांची भेट होते, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत शहरातील इडापिडा त्यांच्या माथी मारून शेवटी त्यांचे दहन केले जाते. काळीची परंपरा 1881 पासूनची मानतात. जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी 1885 पासूनची. या दोन स्त्रीदेहांच्या मागेपुढे असतात ते बडगे, म्हणजे बांबू, कागद व चिंध्या यांचे पुरुषी पुतळे. मारबतीचे रूप सालाबादप्रमाणे तेच राहते, बडग्याचे मात्र दरवर्षी बदलते. कधी तो महागाई असतो, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी, आणि तो कोण हे त्याच्या गळ्यातील पाटी सांगते. वृत्तपत्राची मुखपट्टी कायम आणि आतले चित्र रोजचे निराळे, हीच ती व्यवस्था नव्हे काय?

काळी मारबत ही कोण, याविषयी मात्र तंटा आहे. पहिला पक्ष तिला पूतना मानतो. कृष्णाने मारलेल्या राक्षसीचे प्रेत गोकुळवासीयांनी गावाबाहेर ओढून नेले, तोच हा विधी. दुसरा पक्ष सांगतो की ती दुसऱ्या रघूजी भोसल्यांची विधवा बांकाबाई. 1854 मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केल्यावरही 1857 च्या धामधुमीत या राणीने इंग्रजांशी इमान राखले, म्हणून रयतेने तिचा असा निषेध मांडला. तिसरा पक्ष लोकरीतीच्या अभ्यासकांचा. विदर्भातील खेड्यापाड्यांतून रोगराई वेशीबाहेर घालविण्याची जी चाल पोळ्यानंतर पाळली जाते, तीच शहरात येऊन थोर झाली, असे ते म्हणतात.

नागपूरकरांना प्रिय दुसरा पक्ष; पण तवारीख त्याच्या आड येते. बांकाबाईचा मृत्यू 1858 चा. जिला मरून वीस वर्षांवर काळ लोटला, तिच्या निषेधासाठी 1881 मध्ये नवा पुतळा उभारावा इतका संताप एखादे शहर कोणत्या दफ्तरात जपून ठेवते? माझा तर्क असा की पुतळा आधीचा आणि नाव मागाहूनचे. खेड्यातून आलेल्या रोगराईच्या बाहुलीला पुराणाने पूतना हा मथळा दिला. पुढे शहराला स्वतःचा अपमान सांगावयाचा होता तेव्हा त्याच देहाला बांकाबाई हा दुसरा मथळा आपोआप चिकटला. यावर प्रतिपक्षी म्हणतील की तसे तर नाव तिच्या गळ्यात लिहून टाकले असते. परंतु अंमल इंग्रजांचा आणि भोसल्यांचे घराणे शहरातच नांदत असताना ते कोण लिहिणार? खाडिलकरांच्या 1907 मधील ‘कीचकवध’ नाटकात माजी व्हाइसरॉय कर्झनचे नाव कोठेही नव्हते, तरी कीचक म्हणजे कोण हे प्रेक्षकांनी ओळखले, आणि 1910 मध्ये सरकारनेही ओळखून नाटकावर बंदी घातली. जेथे भय असते तेथे रूपक बिनपाटीचे असते.

मग बडग्याच्या गळ्यात पाटी आली कोठून? येथे ‘पंच’वाद्यांचे ऋण मी खुल्या मनाने मान्य करतो. खेड्यातील मारबतीला अक्षरांची गरज नव्हती, कारण तेथे खोकला आणि पटकी सर्वांच्या ओळखीची. परंतु 1867 मध्ये आगगाडी आणि 1877 मध्ये एम्प्रेस मिल ज्या शहरात आली, तेथील अनोळखी गर्दीला संकट नावानिशी सांगावे लागते. छापील व्यंगचित्रातील देहांवर नावे लिहिण्याची रीत याच गाडीने आलेल्या नियतकालिकांतून बांबूच्या पुतळ्यावर उतरली असावी, असे मी धरून चालतो. संस्कृताभिमानी येथे कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदया’कडे बोट दाखवितील, कारण त्यात विवेक, मोह, क्रोध ही मानवी पात्रेच आहेत, पण ती स्वतःचा परिचय स्वमुखाने करून देतात. पुतळा आणि चित्र दोन्ही मुके, म्हणून त्यांचा सोयरसंबंध नाटकाहून निकटचा.

पाटीची आणि बिनपाटीची अशा या दोन शाखा आजच्या चित्रकाराच्या मेजावरही भेटतात. संपादकाकडून मजकूर आला की नवशिका त्यातील नामे उचलतो. न्याय म्हटला की तराजू, कल्पना म्हटली की दिवा, आणि तरीही अर्थ उमगला नाही तर वर पाटी. जाणता चित्रकार लेखातील क्रियापद शोधतो, म्हणजे कोण कोणाला गिळतो, कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे पाहतो, आणि अंगठ्याएवढी कच्ची रेखाटने करून त्यांतील एखादे असे निवडतो की ज्यातील विसंगती मथळा झाकला तरी बोलते. शि. द. फडणीस यांची शब्दाविना हसविणारी चित्रे ही या बिनपाटीच्या शाखेची मराठीतील पराकाष्ठा होय. बालभारतीच्या पुस्तकांतून गणितासारखा अमूर्त विषयही त्यांनी चित्रांतून मुलांपुढे ठेवला. तरीही पाटीला मी कमी लेखीत नाही. जे चित्र एका सकाळपुरतेच जगणार आणि ज्याचा विषय कालच उद्भवला, त्याला वाचकाने नाव शोधीत बसावे एवढी सवड नसते.

बडग्यापासून व्यंगचित्र जन्मले असा माझा दावा नाही. रेखाटनाची कला, ठसे आणि छापखाना बाहेरूनच आले. परंतु चित्रकार आयात करता येतो, वाचक आयात करता येत नाही. महागाईला हातपाय असू शकतात, तिला गल्लीतून फिरवून तिच्यावर खापर फोडता येते, आणि एकच देह आज पूतना तर उद्या राणी होऊ शकतो, हे ज्यांनी कधी अग्रलेख वाचला नव्हता अशा विणकरांना व तेल्यांनाही ठाऊक होते. म्हणून या कलेच्या नागपुरी शाखेपुरती तरी वंशावळ लिहिताना पितृकुळात लंडन अवश्य घालावे. मातृकुळाच्या रकान्यात मात्र इतवारीचेच नाव येते, आणि ज्याला ते अमान्य असेल त्याने 1858 आणि 1881 यांमधील अंतराची याहून बरी कैफियत द्यावी.