मालवाहू जहाजांच्या टकरी (बंदरमार्ग व कालवे)

कालवे, गाळ उपसून राखलेले बंदरमार्ग, नदीमुखे व खाड्या अशा अरुंद पाण्यातून चाललेली दोन जहाजे एकमेकांवर आदळण्याच्या घटना या लेखाचा विषय आहेत. नौवहनाच्या परिभाषेत दोन जहाजांची टक्कर, पूल वा धक्क्यासारख्या स्थिर वस्तूवर आदळणे आणि तळाला लागून रुतणे हे तीन निराळे अपघात होत. वर्तमानपत्रांत ते बरेचदा एकत्र केले जातात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा सहा दिवस अडवून बसलेले 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचे जहाज कोणाशीही टकरले नव्हते, ते काठात रुतले होते. मार्च २०२४ मध्ये 'डाली' या जहाजाने अमेरिकेतील बाल्टिमोरचा पूल पाडला, तीही या अर्थाने टक्कर नव्हे. सुएझ कालव्यातील टकरीचे अलीकडचे उदाहरण ऑगस्ट २०२३ मधील आहे. 'बीडब्ल्यू लेस्मेस' हे वायुवाहू जहाज बिघाडामुळे थांबले आणि मागून ताफ्यात येणारे 'बुरी' हे तेलवाहू जहाज त्याला लागले.

महाराष्ट्रात सुएझ वा पनामासारखा खोदीव जहाजकालवा नाही. गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा आहे. त्यातून लोहखनिजाचे बार्ज जात, पण समुद्रगामी जहाजांचा तो मार्ग नव्हे. महाराष्ट्रापुरता या विषयाचा खरा संबंध मुंबई बंदराच्या जलमार्गाशी येतो.

== मुंबईचा बंदरमार्ग ==

मुंबई बंदर आणि पलीकडच्या किनाऱ्यावरील, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर या दोन्हींकडे जाणारी मोठी जहाजे एकाच मुख्य जलमार्गाने आत-बाहेर करतात. त्याच पाण्यात नौदलाच्या युद्धनौका, घारापुरी व मांडव्याच्या प्रवासी बोटी आणि कोळ्यांच्या होड्याही असतात. खोल पाण्याचा पट्टा मात्र मर्यादित आहे. बोयांनी आखलेल्या रेषेबाहेर गेलेले भरलेले मोठे जहाज तळाला लागण्याची भीती असते. मैदानासारखा पसरलेला समुद्र डोळ्यांना दिसतो, पण कप्तानाच्या दृष्टीने ती गल्ली असते.

== 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' (२०१०) ==

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी दहाच्या सुमारास 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची मुंबईजवळ टक्कर झाली. पनामाचा ध्वज असलेले 'चित्रा' हे कंटेनरवाहू जहाज न्हावा-शेव्याहून बाहेर निघाले होते. सेंट किट्स व नेव्हिसचा ध्वज असलेले 'खलिजिया-३' आत येत होते. हे दुसरे जहाज आदल्याच महिन्यात एका अपघातात सापडलेले होते. 'चित्रा'वर १,२१९ कंटेनर आणि अडीच हजार टनांहून अधिक इंधन तेल होते. टकरीनंतर ते एका बाजूला इतके कलले की डेकवर रचलेले कंटेनर ओळीने समुद्रात घसरले. ३३ खलाशांना वाचवण्यात आले व कोणीही दगावले नाही.

जीवितहानी नसल्याने हा अपघात किरकोळ ठरला असता, परंतु त्याचे परिणाम दूरवर पोचले. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. तरंगते व बुडालेले कंटेनर जलमार्गातच पडल्याने दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. ३१ कंटेनरांत कीटकनाशके असल्याचे समजताच मासळी खावी की नाही, ही शंका बाजारात पसरली. तटरक्षक दलाने जहाजे व हेलिकॉप्टरच्या साहाय्याने तेलतवंग विरवण्याची मोहीम हाती घेतली. किनाऱ्यावरील तिवरांच्या मुळांना चिकटलेले तेल मात्र अशा फवारणीने जात नाही. चिखलातून उभी श्वसनमुळे वर काढून जगणाऱ्या या झाडांना तेलाचा थर बसणे म्हणजे गुदमरणे होय. त्याच तिवरांच्या आसऱ्याने कोळंबी व लहान मासळी वाढते. म्हणून मच्छीमारांचा तो हंगाम या टकरीने हिरावला.

पुढे ३० जानेवारी २०११ रोजी याच बंदरात 'आयएनएस विंध्यगिरी' ही युद्धनौका व 'नॉर्डलेक' हे सायप्रसचा ध्वज असलेले कंटेनरवाहू जहाज यांची टक्कर झाली. युद्धनौकेला आग लागली व दुसऱ्या दिवशी ती बुडाली. या वेळीही प्राणहानी झाली नाही. सहा महिन्यांच्या आत एकाच बंदरमार्गात दोन मोठ्या टकरी झाल्याने बंदरातील वाहतूक-नियंत्रणाचा प्रश्न चर्चेत आला.

== कारणे ==

जहाजाला ब्रेक नसतो, हे मूळ कारण होय. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मानकानुसार पूर्ण वेगातील जहाजाने इंजिन उलटे फिरवल्यावर साधारणतः आपल्या लांबीच्या १५ पटींच्या आत थांबावे. २३० मीटर लांबीच्या जहाजाला हे अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर होते. बंदरात वेग कमी असतो व अंतरही घटते, पण वेग कमी झाला की सुकाणूवरून वाहणारे पाणी मंदावते आणि जहाज वळेनासे होते. थांबवावे तर वळत नाही, वळवावे तर थांबवता येत नाही, अशी कोंडी त्यातून निर्माण होते.

दुसरे कारण पाण्याखालचे आहे. उथळ पाण्यातून जाताना जहाजाखालील पाणी वेगाने वाहते, तेथील दाब घटतो व जहाज अधिक खाली बसते. ही बसण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रचलित ठोकताळ्यानुसार जाड बांध्याचे जहाज मोकळ्या उथळ पाण्यात १० नॉट वेगाने सुमारे ०.८ मीटर खाली बसत असेल, तर अरुंद मार्गात सुमारे १.६ मीटर बसते. वेग निम्मा केला तर बसण चौथाईवर येते. काठाजवळून जाताना जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो व पुढचा भाग मार्गाच्या मध्याकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या जहाजाच्या दिशेने ढकलला जातो. दोन जहाजे शेजारून गेली तरी त्यांच्यात अशीच ओढ निर्माण होते. १९११ मध्ये इंग्लंडच्या सोलेंट सामुद्रधुनीत 'ऑलिंपिक' हे प्रचंड प्रवासी जहाज व 'हॉक' ही युद्धनौका यांची टक्कर झाली, तेव्हा न्यायालयापुढे या ओढीचीच चर्चा झाली.

तथापि केवळ जलगतिकीने टक्कर होत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंध नियमांतील नववा नियम अरुंद मार्गासाठी आहे. प्रत्येक जहाजाने आपल्या उजव्या काठाला शक्य तितके धरून चालावे, असे तो सांगतो. भारतातील रस्त्यावर डावी बाजू धरायची सवय असलेल्या वाचकाला हे उलटे वाटेल. सतत पहारा, सुरक्षित वेग आणि वेळीच, ठळकपणे दिसेल असा बदल यांविषयीचे नियम त्याच्या आधीच येतात. पहाऱ्यातील ढिलाई, रडारच्या अपुऱ्या माहितीवर केलेले अनुमान आणि उशिरा केलेली लहानशी वळणे ही टकरींच्या चौकशीत पुन्हा पुन्हा आढळणारी कारणे आहेत. रेडिओवर ऐनवेळी 'तुम्ही तसे जा, आम्ही असे जातो' असे ठरवण्याची सवयही घातक ठरली आहे. बोलणारा कोणत्या जहाजावरचा आहे याची खातरजमा न होता करार होतो, आणि नियमाने उजवीकडे वळायचे तेथे जहाज डावीकडे वळते.

बंदरमार्गात जहाजावर बंदराचा पायलट असतो. त्याला स्थानिक पाण्याची माहिती असते, कप्तानाला आपल्या जहाजाची. पायलट चढल्यावरही जहाजाची जबाबदारी कप्तानाकडून सुटत नाही, मात्र प्रत्यक्षात पुलावरील अधिकारी पायलटच्या हुकमाविरुद्ध बोलण्यास कचरतात. पायलट चढण्यापूर्वीचा व उतरल्यानंतरचा काळ विशेष जोखमीचा मानला जातो.

== चौकशी ==

एकाच टकरीच्या अनेक चौकशा समांतर चालतात व प्रत्येकीचा हेतू वेगळा असतो. भारतात १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाच्या बाराव्या भागानुसार प्राथमिक चौकशी होते व गरज पडल्यास न्यायालयामार्फत औपचारिक तपास केला जातो. त्यात कप्तान वा अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र रद्द वा निलंबित होऊ शकते. या अधिनियमाची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला. ही कामे मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाकडे येतात. याखेरीज ज्या देशाचा ध्वज जहाजावर आहे तो देशही चौकशी करतो. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार या सुरक्षा-चौकशीचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे.

पोलिसांची चौकशी नेमकी उलट दिशेने जाते. 'चित्रा' प्रकरणी दोन्ही कप्तानांवर भारतीय दंड संहितेच्या कलम २८० खाली, म्हणजे निष्काळजीपणे जहाज हाकल्याबद्दल, गुन्हा नोंदवला गेला. हेच कलम भारतीय न्याय संहितेत २८२ या क्रमांकाने आहे. अटकेची भीती असलेला खलाशी सुरक्षा-चौकशीत मोकळेपणाने बोलत नाही, ही नौवहन क्षेत्राची जुनी तक्रार आहे. हंगाम गमावलेल्या मच्छीमाराला मात्र कोणालाच जबाबदार न धरणारी चौकशी अपुरी वाटते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असल्याने हा पेच सुटलेला नाही.

पुराव्यांपैकी सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे प्रवास-नोंदक यंत्र होय. विमानातील ब्लॅक बॉक्सप्रमाणे ते पुलावरील संभाषण, रेडिओवरील बोलणे, रडारचे चित्र, वेग, दिशा व सुकाणूचे हुकूम साठवते. जुन्या यंत्रांत केवळ १२ तासांची नोंद राहते व त्यावर पुढची नोंद चढते. त्यामुळे टकरीनंतर साठवणुकीचे बटण दाबण्यास कोणी विसरले, तर तो पुरावा कायमचा जातो. स्वयंचलित ओळख-यंत्रणेचे संदेश व बंदराच्या नियंत्रण-केंद्रातील ध्वनिमुद्रणे यांच्याशी ही नोंद पडताळली जाते. सर्व घड्याळे एका वेळेवर आणणे हे तपासाचे पहिले काम असते, कारण अर्ध्या मिनिटाच्या फरकानेही आधी कोण वळले याचे उत्तर उलटू शकते. जहाजाच्या पत्र्यावरील दाबखुणांवरून आघाताचा कोन काढतात.

== नुकसानभरपाई ==

तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी आंतरराष्ट्रीय भरपाई-करार आहे, परंतु 'चित्रा' तेलवाहू नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन होते. अशा तेलासाठी २००१ मध्ये स्वतंत्र करार झालेला आहे. बुडालेली जहाजे हटवण्याविषयीच्या नैरोबी कराराला भारत २०११ मध्ये जोडला गेला. नागरी दावे मुंबई उच्च न्यायालयाच्या नाविक अधिकारक्षेत्रात चालतात. तेथे प्रत्यक्ष जहाजालाच प्रतिवादी करून बंदरात अडकवून ठेवता येते. २०१७ च्या नाविक दावे अधिनियमाने ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्यांवरून भारतीय कायद्यावर आणली. परदेशी मालकाचे अन्य काही हाती लागत नसताना दावेदाराला उरलेला हा एकमेव भक्कम आधार असतो. मच्छीमारासाठी मात्र न पकडलेल्या मासळीची किंमत सिद्ध करणे हे अवघड काम आहे. त्याच्याकडे बहुधा लेखी हिशेब नसतो, आणि तिवरांचे नुकसान तर पुढच्या काही हंगामांत हळूहळू उघड होते.

== अंतर्गत जलमार्ग ==

भिवंडी तालुक्यातील खारबावच्या दक्षिणेकडून वाहणारी वसईची खाडी व उल्हास नदी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये मोडतात. येथे समुद्रगामी मोठी जहाजे येत नाहीत, पण बार्ज व रेतीच्या बोटींना भरती-ओहोटीचा जोर, गाळ आणि पुलांचे खांब यांतून वाट काढावी लागते. अशा जलयानांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू होतो व अपघाताच्या चौकशीची जबाबदारी राज्याच्या यंत्रणेवर येते. पूर्वी ती १९१७ च्या कायद्याखाली होत असे. न्हावा-शेव्याला उतरणारा बराच माल भिवंडी परिसरातील गोदामांत येतो. त्यामुळे मुंबईचा जलमार्ग काही दिवस बंद राहिला, तर खाडीकाठच्या या गावांत त्याचा परिणाम ट्रकच्या रांगांच्या रूपाने दिसतो.