ॲबी थिएटर
ॲबी थिएटर : डब्लिन येथील आयर्लंडची राष्ट्रीय नाट्यसंस्था व तिचे नाट्यगृह. स्थापना १९०४. आयरिश राष्ट्रभावनेला रंगभूमी मिळवून देण्यासाठी ही संस्था निघाली. मात्र तिचे सर्वांत गाजलेले संघर्ष ब्रिटिश सत्तेपेक्षा स्वकीय प्रेक्षकांशीच झाले.

स्थापना : विल्यम बटलर येट्स, लेडी ग्रेगरी व एडवर्ड मार्टिन यांनी १८९९ मध्ये ‘आयरिश लिटररी थिएटर’ सुरू केले. इंग्रजी रंगभूमीने रूढ केलेला विदूषकी आयरिश माणूस हटवून देशाच्या पुराणकथा व लोकजीवन यांवर नाटके करणे, हा त्यांचा हेतू होता. पुढे विल्यम व फ्रँक फे या बंधूंचा हौशी नटसंच त्यांना मिळाला. ॲनी हॉर्निमन या चहाच्या व्यापारातील धनाढ्य घराण्यातल्या इंग्लिश स्त्रीने पैसा पुरवला. एक जुने नाट्यगृह व लगतच्या शवागाराची जागा मिळून नवी वास्तू झाली व ती २७ डिसेंबर १९०४ रोजी खुली झाली. १९१० मध्ये ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड निवर्तला, तेव्हा शोकार्थ नाट्यगृह बंद ठेवले गेले नाही. यातून हॉर्निमनबाईंशी संबंध तुटले.

नाटके व वाद : येट्स व ग्रेगरी यांच्या ‘कॅथलीन नी हूलिहान’ (१९०२) या नाटकाला १७९८ च्या उठावाची पार्श्वभूमी आहे. त्यात लग्नाच्या आदल्या दिवशी दारी आलेली म्हातारी म्हणजे साक्षात मातृभूमी. तिच्या हाकेसरशी नवरामुलगा घर सोडून लढायला जातो. असा आदर्श पाहण्याची सवय जडलेल्या प्रेक्षकांना जे. एम. सिंज यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ (१९०७) सोसवले नाही. बापाला मारल्याची बढाई मारणारा तरुण खेड्यात वीरपुरुष ठरतो, हे कथानक आणि स्त्रियांच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख यांवरून हुल्लड माजली. पोलीस बोलावून प्रयोग चालू ठेवले गेले.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात या रंगमंचावरील नट शॉन कॉनली ठार झाले. दहा वर्षांनी शॉन ओकेसी यांचे ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ येथेच आले. त्याच्या दुसऱ्या अंकात दारूच्या गुत्त्यात एक वेश्या गिऱ्हाइकाची वाट पाहते. खिडकीबाहेर एक वक्ता उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांच्याच शब्दांत रक्त सांडण्याची महती गातो. क्रांतिकारकांचे ध्वज गुत्त्यात आणले जातात. उठावात आप्त गमावलेल्या स्त्रियांना हा हुतात्म्यांचा उपमर्द वाटला, तर ओकेसी यांना उठावाची किंमत मोजणारी डब्लिनच्या चाळींतली माणसे दाखवायची होती.

उत्तरकाल : १९२५ मध्ये आयरिश शासनाने अनुदान सुरू केले, इंग्रजीभाषक जगात शासकीय अनुदान मिळणारे हे पहिले नाट्यगृह होय. त्याआधी १९१३ मध्ये येथे रवींद्रनाथ टागोरांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी प्रयोग झाला होता. १९५१ च्या आगीनंतर संस्था दुसऱ्या नाट्यगृहात गेली व १९६६ मध्ये मूळ जागी नव्या इमारतीत परतली. उठावाच्या शताब्दीनिमित्त २०१६ साठी जाहीर झालेल्या १० नाटकांपैकी ९ पुरुषांची होती. त्यावरून नाट्यक्षेत्रातील स्त्रियांनी मोठे आंदोलन उभारले आणि राष्ट्राच्या नावाने कोणी बोलायचे, या वादात ॲबी पुन्हा केंद्रस्थानी आले.